आझम जाह (प्रिन्स ऑफ बेरार)

आझम जाह, मूळ नाव मीर हिमायत अली खान (२१ फेब्रुवारी १९०७ – ९ ऑक्टोबर १९७०), हे हैदराबाद संस्थानचे सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांचे ज्येष्ठ पुत्र होते. 'प्रिन्स ऑफ बेरार' म्हणजे 'वऱ्हाडचे राजपुत्र' ही पदवी १९३६ साली निर्माण झाली, आणि ती धारण करणारे ते पहिले राजपुत्र ठरले. त्या काळातील अमरावती, अकोला, बुलढाणा आणि यवतमाळ हे चार जिल्हे मिळून वऱ्हाड प्रांत होत असे. या प्रांतावर निजामाचे सार्वभौमत्व कागदोपत्री मान्य होते. प्रत्यक्ष कारभार मात्र १८५३ पासून इंग्रजांकडे होता. त्यामुळे ज्या प्रदेशाचे नाव आझम जाह यांनी आयुष्यभर मिरविले, त्या प्रदेशावर त्यांनी एक दिवसही राज्य केले नाही. पुढे वडिलांच्या निर्णयामुळे निजामपदही त्यांना मिळाले नाही. ते त्यांना वगळून त्यांचे पुत्र मुकर्रम जाह यांच्याकडे गेले.

नावाविषयी

'बेरार' हे 'वऱ्हाड' या नावाचे फारसी व इंग्रजी कागदपत्रांत रूढ झालेले रूप आहे. मराठी बोलण्यात आणि लेखनात 'वऱ्हाड' हेच नाव कायम राहिले. 'विदर्भ' हे प्राचीन नाव आज नागपूर विभागासह अधिक विस्तृत प्रदेशाला लावले जाते. वऱ्हाड हा त्याचा पश्चिमेकडील भाग होय. इंग्रजी अंमलात आरंभी वऱ्हाडचे सहा जिल्हे होते. १९०५ साली एलिचपूर (आजचे अचलपूर) जिल्हा अमरावतीत आणि वाशीम जिल्हा अकोल्यात विलीन होऊन चार जिल्हे राहिले. पदवीतील 'बेरार' या शब्दाने हेच चार जिल्हे अभिप्रेत होते.

अकोला जिल्ह्यातील बाळापूरच्या किल्ल्याशी ज्या आझमशाहाचे नाव जोडले जाते, तो मोगल बादशहा औरंगजेबाचा पुत्र होय. नावातील साम्यामुळे त्याची आणि प्रस्तुत लेखातील आझम जाह यांची गल्लत होऊ नये. दोघांच्या काळात सुमारे दोन शतकांचे अंतर आहे.

पार्श्वभूमी : वऱ्हाड आणि आसफजाही घराणे

वऱ्हाडात इ.स. १४९० च्या सुमारास एलिचपूर येथे इमादशाहीची स्थापना झाली. १५७४ साली हे राज्य अहमदनगरच्या निजामशाहीने जिंकले आणि १५९६ साली चांदबिबीशी झालेल्या तहान्वये वऱ्हाड अकबराकडे गेला. अहमदनगरची निजामशाही आणि हैदराबादचे निजाम ही दोन वेगवेगळी घराणी आहेत. हैदराबादच्या घराण्याचे मूळ नाव 'आसफजाही' असून निजाम-उल्-मुल्क आसफजाह हा त्याचा संस्थापक होय.

या घराण्याच्या उदयातील दोन निर्णायक लढाया वऱ्हाडच्याच भूमीवर झाल्या. ऑगस्ट १७२० मध्ये बाळापूरजवळ निजाम-उल्-मुल्काने आलम अली खानाचा पराभव केला. पुढे ११ ऑक्टोबर १७२४ रोजी आजच्या बुलढाणा जिल्ह्यातील साखरखेर्डा येथे त्याने मुबारिझ खानाला ठार करून दक्षिणेचा सुभा आपल्या ताब्यात घेतला. या विजयामुळे गावाला 'फत्तेखेर्डा' असे नाव देण्यात आले. निजामांना वऱ्हाडविषयी जो आग्रह शेवटपर्यंत राहिला, त्यामागे महसुलाइतकाच हा इतिहासही होता.

अठराव्या शतकात वऱ्हाडात निजाम आणि नागपूरकर भोसले या दोघांचाही अंमल चाले. चौथाई व सरदेशमुखीच्या हक्काने भोसले वसुलात वाटा घेत. या दुहेरी व्यवस्थेला 'दोअंमली' म्हणत, आणि तिचा भार अर्थातच रयतेवर पडे. १८०३ च्या इंग्रज-मराठा युद्धात २९ नोव्हेंबर रोजी अकोला जिल्ह्यातील अडगाव येथे आणि १५ डिसेंबर रोजी मेळघाटातील गाविलगड येथे भोसल्यांचा पराभव झाला. १७ डिसेंबरच्या देवगावच्या तहाने वर्धा नदीच्या पश्चिमेकडील प्रदेशावरचा भोसल्यांचा हक्क संपला आणि तो प्रदेश इंग्रजांचा मित्र म्हणून निजामाला मिळाला.

वऱ्हाड इंग्रजांकडे कसा गेला

निजामाच्या राज्यात इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली एक फौज ठेवण्यात आली होती. तिला 'हैदराबाद कंटिन्जंट' म्हणत. तिचा खर्च निजामाने द्यावयाचा होता. खर्च थकत गेला, थकबाकी कर्ज म्हणून नोंदविली जाऊ लागली, आणि ही रक्कम वाढत गेली. अखेर २१ मे १८५३ रोजी लॉर्ड डलहौसीच्या कारकिर्दीत नवा तह करण्यात आला. फौजेच्या खर्चासाठी व कर्जाच्या फेडीसाठी निजामाने वऱ्हाड, रायचूर दोआब आणि धाराशिवकडील काही प्रदेश इंग्रजांच्या कारभाराखाली दिले. खर्च भागवून उरेल ती शिल्लक निजामाला द्यावयाची, असे ठरले होते.

१८५७ च्या उठावात निजाम इंग्रजांशी एकनिष्ठ राहिला. त्याचे फळ म्हणून १८६० च्या तहाने सुमारे ५० लाख रुपयांचे कर्ज माफ झाले आणि रायचूर दोआब व धाराशिवकडील प्रदेश परत मिळाला. वऱ्हाड मात्र इंग्रजांनी आपल्याकडेच ठेवला. शिवाय, वऱ्हाडच्या जमाखर्चाचा हिशेब मागण्याचा हक्कही निजामाने या तहान्वये सोडला. येथून पुढे शिल्लक किती ठेवावयाची, हे ठरविणे सर्वस्वी इंग्रजांच्या हाती राहिले.

नेमक्या याच दशकात वऱ्हाडचे मोल वाढले. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१–१८६५) इंग्लंडच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या काळ्या जमिनीतील कापसाला मोठी मागणी आली. अकोला आणि बडनेऱ्यावरून जाणारी रेल्वे १८६७ साली नागपूरपर्यंत पोहोचली. १८७० साली लॉर्ड मेयो याने खामगावच्या रेल्वेशाखेचे उद्घाटन केले. 'वऱ्हाड, सोन्याची कुऱ्हाड' या म्हणीतील सोने ते हेच. हैदराबादचे दिवाण सर सालारजंग यांनी वऱ्हाड परत मिळविण्यासाठी वारंवार प्रयत्न केले. १८७६ च्या त्यांच्या इंग्लंड भेटीच्या काळातही हाच विषय त्यांच्या मनात अग्रभागी होता. परंतु त्यांना यश आले नाही.

या काळात वऱ्हाडला अधिकृत कागदपत्रांत 'हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स', म्हणजे हैदराबादने सोपविलेले जिल्हे, असे म्हटले जाई. कारभार अमरावतीच्या कमिशनरामार्फत चाले आणि त्याच्यावर हैदराबादचा रेसिडेंट असे. पैनगंगेच्या पलीकडे निजामाचे प्रत्यक्ष राज्य होते. वऱ्हाडी माणूस त्या प्रदेशाला 'मोगलाई' म्हणे. एकाच धन्याच्या नावाचे दोन प्रदेश, नदीच्या दोन काठांवर, दोन निरनिराळ्या कायद्यांखाली नांदत होते.

५ नोव्हेंबर १९०२ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन आणि सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्यात नवा करार झाला. त्यानुसार वऱ्हाडवरील निजामाचे सार्वभौमत्व मान्य करण्यात आले आणि प्रदेश दरसाल २५ लाख रुपयांच्या खंडाने इंग्रजांना कायमच्या पट्ट्याने देण्यात आला. दुष्काळानिमित्त निजामाने घेतलेल्या कर्जाच्या फेडीत हा खंड आरंभी वळता करून घेतला जाई. १ ऑक्टोबर १९०३ पासून वऱ्हाडचा कारभार मध्य प्रांताच्या चीफ कमिशनरकडे, म्हणजे नागपूरकडे, सोपविण्यात आला.

जन्म आणि कुटुंब

मीर हिमायत अली खान यांचा जन्म २१ फेब्रुवारी १९०७ रोजी झाला. त्या वेळी त्यांचे आजोबा मीर महबूब अली खान निजाम होते. १९११ साली वडील उस्मान अली खान गादीवर आले आणि चार वर्षांचे हिमायत अली खान युवराज झाले. त्यांच्या आई आझमुन्निसा बेगम 'दुल्हन पाशा' या नावाने ओळखल्या जात. धाकटे सख्खे बंधू शुजाअत अली खान यांना 'मोअज्जम जाह' हा किताब होता. हैदराबादेतील मोअज्जमजाही मार्केट त्यांच्याच नावाने ओळखले जाते.

वडील आणि ज्येष्ठ पुत्र यांचे स्वभाव परस्परविरुद्ध होते. जगातील सर्वांत श्रीमंत व्यक्तींमध्ये गणना होत असूनही उस्मान अली खान हे वैयक्तिक राहणीत कमालीचे काटकसरी म्हणून प्रसिद्ध होते. आझम जाह यांचा ओढा मात्र थाटामाटाकडे व खर्चिक जीवनाकडे होता. हैदराबादेतील सैफाबाद भागातील 'बेला व्हिस्टा' हा राजवाडा त्यांचे निवासस्थान होता.

विवाह

१२ नोव्हेंबर १९३१ रोजी फ्रान्समधील नीस येथे आझम जाह यांचा विवाह दुर्रूशेहवार यांच्याशी झाला. दुर्रूशेहवार (१९१४–२००६) या उस्मानी घराण्यातील अखेरचे खलिफा अब्दुल मजीद दुसरे यांच्या कन्या होत. ३ मार्च १९२४ रोजी तुर्कस्तानने खिलाफत रद्द केली आणि खलिफांना कुटुंबासह देश सोडावा लागला. नीस येथील त्यांच्या निर्वासित जीवनास निजामाकडून मिळणाऱ्या नियमित आर्थिक साहाय्याचा मोठा आधार होता. हा विवाह जुळविण्यात खिलाफत चळवळीचे नेते मौलाना शौकत अली यांनी पुढाकार घेतला होता. त्याच दिवशी मोअज्जम जाह यांचा विवाह उस्मानी घराण्यातीलच नीलूफर यांच्याशी झाला.

नवविवाहित दांपत्ये डिसेंबर १९३१ मध्ये 'पिल्स्ना' या बोटीने भारतात आली. दुसऱ्या गोलमेज परिषदेहून परतणारे महात्मा गांधीही त्याच बोटीवर होते. ही बोट २८ डिसेंबर रोजी मुंबईस पोहोचली.

या विवाहाने जगातील एका गतवैभव साम्राज्याचे घराणे आणि भारतातील सर्वांत मोठ्या संस्थानाचे घराणे एकत्र आले. त्यांना दोन पुत्र झाले : मुकर्रम जाह (जन्म ६ ऑक्टोबर १९३३, नीस) आणि मुफख्खम जाह (जन्म १९३९). दुर्रूशेहवार यांनी हैदराबादेत स्त्रीशिक्षण आणि आरोग्यसेवा या क्षेत्रांत आपले नाव मागे ठेवले. पुरानी हवेली भागातील मुलांचे रुग्णालय त्यांच्या नावाने आजही चालते. पती-पत्नी पुढे विभक्त झाले. दुर्रूशेहवार यांचे निधन ७ फेब्रुवारी २००६ रोजी लंडन येथे झाले.

वऱ्हाडसाठी उस्मान अली खान यांचा लढा

१९०२ चा करार आपल्या वडिलांवर दडपण आणून घडवून आणला गेला, असे उस्मान अली खान यांचे मत होते. पहिल्या महायुद्धात त्यांनी इंग्रजांना मोठी मदत केली. १९१८ साली त्यांना 'हिज एक्झॉल्टेड हायनेस' ही इतर कोणत्याही संस्थानिकास न मिळालेली उपाधी देण्यात आली. या सद्भावनेच्या बळावर त्यांनी १९२३ साली व्हाइसरॉयला सविस्तर पत्र लिहून वऱ्हाड परत मागितला. पुढील पत्रव्यवहारात त्यांनी असा मुद्दा मांडला की, परराष्ट्रविषयक बाबी सोडल्यास अंतर्गत व्यवहारात निजाम हा इंग्रज सरकारच्या बरोबरीचा आहे.

२७ मार्च १९२६ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग याने या पत्रास उत्तर दिले. भारतात ब्रिटिश राजसत्ता सर्वश्रेष्ठ असून तिच्याशी बरोबरीच्या नात्याने वाटाघाटी करण्याचा अधिकार कोणत्याही संस्थानिकास नाही, असे त्यात स्पष्ट बजावले होते. संस्थानांच्या घटनात्मक इतिहासात हे पत्र 'सार्वभौम सत्तेच्या सिद्धान्ता'चा मूलभूत दस्तऐवज मानले जाते. हा दस्तऐवज ज्या वादातून निघाला, तो वाद वऱ्हाडच्या चार जिल्ह्यांचा होता, ही गोष्ट सहसा विसरली जाते.

'प्रिन्स ऑफ बेरार' पदवी

१९३५ च्या भारत सरकार कायद्यात ब्रिटिश प्रांत आणि संस्थाने यांचे मिळून संघराज्य करण्याची योजना होती. हैदराबाद त्यात सामील व्हावे, ही इंग्रजांची इच्छा होती. म्हणून निजामाचा मान राखणे त्यांना आवश्यक वाटू लागले. या कायद्याच्या ४७ व्या कलमात वऱ्हाड हा निजामाच्या सार्वभौमत्वाखालील प्रदेश असल्याचे नमूद करून तो मध्य प्रांताबरोबर एकाच गव्हर्नरच्या प्रांतात ठेवण्यात आला. प्रांताचे नाव 'मध्य प्रांत व वऱ्हाड' असे झाले.

या तरतुदीला अनुसरून २४ ऑक्टोबर १९३६ रोजी नवा करार करण्यात आला. त्यातील मुख्य बाबी पुढीलप्रमाणे होत्या :

वऱ्हाडवरील निजामाचे सार्वभौमत्व पुन्हा मान्य करण्यात आले.
२५ लाखांचा वार्षिक खंड चालू राहिला.
वऱ्हाडात ब्रिटिश ध्वजाबरोबर निजामाचा ध्वज फडकविण्याची मुभा मिळाली.
प्रांताच्या राजधानीत निजामाचा प्रतिनिधी ठेवता येऊ लागला.
गव्हर्नरच्या नेमणुकीपूर्वी निजामाचा विचार घेण्याचे ठरले.
निजामाच्या पदवीत 'हैदराबाद व बेरारचे निजाम' असा बदल झाला आणि त्यांच्या युवराजास 'हिज हायनेस द प्रिन्स ऑफ बेरार' ही पदवी देण्यात आली.

ब्रिटिश युवराजास ज्याप्रमाणे 'प्रिन्स ऑफ वेल्स' म्हटले जाते, त्या धर्तीवर ही पदवी होती. वेल्सच्या राजपुत्राकडे जसा वेल्सचा कारभार नसतो, तसाच वऱ्हाडच्या राजपुत्राकडे वऱ्हाडचा नव्हता. सारावसुली, न्यायदान, पोलीस, शिक्षण यांपैकी कोणत्याही बाबीत आझम जाह यांना अमरावती वा अकोल्यात अधिकार नव्हता. दुर्रूशेहवार यांना या पदवीमुळे 'प्रिन्सेस ऑफ बेरार' म्हटले जाऊ लागले आणि पाश्चात्त्य वृत्तपत्रांतून त्या याच नावाने प्रसिद्धी पावल्या.

आझम जाह यांच्याकडे हैदराबाद संस्थानच्या सैन्याचे सरसेनापतिपदही होते. हे पद मुख्यतः मानाचे होते. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थानी सैन्याचे प्रत्यक्ष सेनापतित्व मेजर जनरल एल इद्रूस यांच्याकडे होते. वरंगळ येथे १९३४ साली सुरू झालेल्या कापडगिरणीस 'आझमजाही मिल्स' असे त्यांचे नाव देण्यात आले होते.

वऱ्हाडातील जनतेची स्थिती व भूमिका

सार्वभौमत्व एकाचे आणि कारभार दुसऱ्याचा, या व्यवस्थेचे परिणाम वऱ्हाडच्या राजकीय जीवनात स्पष्ट दिसत. वऱ्हाड हा कायद्याच्या काटेकोर अर्थाने 'ब्रिटिश हिंदुस्थान'चा भाग नव्हता. म्हणून १९१९ च्या सुधारणांनंतर वऱ्हाडचे मतदार आपले प्रतिनिधी निवडत, पण निवडून आलेल्यांना नागपूरच्या विधिमंडळात 'नियुक्त' सदस्य म्हणून बसविले जाई. मतपेटीतून आलेल्या माणसाला सरकारी नेमणुकीच्या दारातून आत जावे लागे.

वऱ्हाडचे सार्वजनिक जीवन मात्र याच काळात बहरले. डिसेंबर १८९७ मध्ये राष्ट्रीय सभेचे तेरावे अधिवेशन सी. शंकरन नायर यांच्या अध्यक्षतेखाली अमरावतीस भरले. अमरावतीचे रंगनाथ नरसिंह मुधोळकर हे १९१२ च्या बांकीपूर अधिवेशनाचे अध्यक्ष झाले. दादासाहेब खापर्डे हे लोकमान्य टिळकांचे निकटचे सहकारी होते. यवतमाळचे लोकनायक बापूजी अणे, अकोल्याचे ब्रिजलाल बियाणी, अमरावती जिल्ह्यातील पापळचे पंजाबराव देशमुख ही नावे पुढे देशपातळीवर पोहोचली. प्रातिनिधिक संस्थांची सवय झालेल्या या समाजाला निजामाच्या एकतंत्री राज्यात जाणे मान्य होण्यासारखे नव्हते. इंग्रजांशी लढणारे वऱ्हाडी नेते वऱ्हाड निजामाला परत देण्यासही तितकेच विरोधी होते. इंग्रजी राज्य नको, याचा अर्थ मोगलाई हवी असा होत नाही, ही त्यांची भूमिका होती.

१९४७ आणि त्यानंतर

ब्रिटिश सत्ता जाणार हे ठरल्यावर संस्थानांशी झालेले करार संपुष्टात येणार होते. त्याबरोबर १९३६ चा करारही संपेल आणि वऱ्हाड आपोआप हैदराबादकडे परत येईल, असा निजामाचा दावा होता. जुलै १९४७ मध्ये नवाब छतारी यांच्या नेतृत्वाखालील हैदराबादच्या शिष्टमंडळाने लॉर्ड माउंटबॅटन यांच्याकडे हा प्रश्न उपस्थित केला. भारतीय नेत्यांचे म्हणणे असे होते की, जवळजवळ शंभर वर्षे नागरी कायद्याखाली नांदलेल्या जनतेला तिच्या इच्छेविरुद्ध हस्तांतरित करता येणार नाही.

याच उन्हाळ्यात व पावसाळ्यात वऱ्हाडच्या भवितव्याची आणखी एक चर्चा चालू होती. ८ ऑगस्ट १९४७ रोजी विदर्भ आणि पश्चिम महाराष्ट्र येथील नेत्यांमध्ये 'अकोला करार' झाला. संयुक्त महाराष्ट्रात महाविदर्भ आणि पश्चिम महाराष्ट्र असे दोन उपप्रांत असावेत, अशी त्याची रूपरेषा होती. वऱ्हाडी पुढारी मराठी भाषकांच्या प्रांतरचनेविषयी बोलत होते, तर हैदराबादेत वऱ्हाडचा विचार घराण्याच्या मालमत्तेच्या अंगाने होत होता. दोन्ही दृष्टिकोनांतील अंतर या एका महिन्यात फार ठळकपणे दिसते.

२९ नोव्हेंबर १९४७ रोजी भारत सरकार व निजाम यांच्यात 'जैसे थे' करार झाला आणि वऱ्हाडचा कारभार पूर्वीप्रमाणे नागपूरकडेच राहिला. १३ ते १७ सप्टेंबर १९४८ या काळातील पोलीस कारवाईने हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले आणि वऱ्हाडवरील दाव्याचा प्रश्न व्यवहारात संपला. २६ जानेवारी १९५० रोजी राज्यघटना अमलात आली, तेव्हा वऱ्हाड मध्य प्रदेश राज्याचा भाग झाला. १९५६ साली तो द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आला. सार्वभौमत्वाचा कागदी आधारही उरला नाही. आझम जाह यांच्या नावामागील 'बेरार' हा शब्द मात्र त्यांच्या निधनापर्यंत तसाच राहिला.

वारसाहक्कातून वगळणे

उस्मान अली खान २६ जानेवारी १९५० पासून ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याचे राजप्रमुख होते. आझम जाह यांचा खर्च आणि त्यातून झालेली कर्जे यांमुळे पिता-पुत्रांतील संबंध बिघडत गेले होते. ज्येष्ठ पुत्राच्या हाती घराण्याची संपत्ती टिकणार नाही, असे निजामाचे मत बनले. १९५४ साली भारत सरकारच्या मान्यतेने नातू मुकर्रम जाह यांना उत्तराधिकारी ठरविण्यात आले. त्यामुळे चार वर्षांचे असल्यापासून युवराज म्हणून वाढलेल्या आझम जाह यांचा हक्क वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी संपला.

२४ फेब्रुवारी १९६७ रोजी उस्मान अली खान यांचे निधन झाले. मुकर्रम जाह आठवे निजाम झाले आणि ६ एप्रिल १९६७ रोजी चौमहल्ला राजवाड्यात त्यांचा गादीवर बसण्याचा समारंभ पार पडला. आझम जाह तेव्हा हयात होते. निजामाचा पुत्र आणि निजामाचा पिता असूनही स्वतः निजाम न झालेला, असे स्थान घराण्यात त्यांच्या वाट्याला आले.

या निर्णयाकडे दोन प्रकारे पाहिले जाते. एका दृष्टीने तो संपत्तीच्या रक्षणासाठी एका व्यवहारी पित्याने केलेला उपाय होता. दुसऱ्या दृष्टीने, ज्याला आयुष्यभर केवळ मानाची पदे दिली आणि प्रत्यक्ष जबाबदारीचे काम दिले नाही, त्याच्याकडून जबाबदारीची अपेक्षा करणेच विसंगत होते. पुढील घटनांवरून इतके मात्र म्हणता येते की, वारस बदलूनही संपत्ती टिकविण्याचा हेतू सफल झाला नाही. मुकर्रम जाह यांच्या काळात घराण्याची मालमत्ता तंटे, कर आणि कर्जे यांत मोठ्या प्रमाणावर विरून गेली. त्यांनी ऑस्ट्रेलियात मेंढपाळीचा मोठा मळा घेतला आणि उत्तरायुष्य तुर्कस्तानात घालविले. १४ जानेवारी २०२३ रोजी इस्तंबूल येथे त्यांचे निधन झाले.

निधन

आझम जाह यांचे निधन ९ ऑक्टोबर १९७० रोजी वयाच्या ६३ व्या वर्षी झाले. त्यानंतर सुमारे चौदा महिन्यांनी, डिसेंबर १९७१ मध्ये, सव्विसाव्या घटनादुरुस्तीने माजी संस्थानिकांची मान्यता आणि तनखे रद्द करण्यात आले.

प्रचलित गैरसमज

'प्रिन्स ऑफ बेरार' या नावामुळे अमरावती किंवा अकोला येथे निजामाच्या युवराजाची गादी होती, असा समज काही वेळा आढळतो. तो खरा नाही. अमरावती हे इंग्रजांच्या कारभाराचे केंद्र होते आणि युवराजांचे निवासस्थान हैदराबादेत होते. एलिचपूरचे नवाब हे निजामाचे सरदार व सुभेदार होते. त्यांचे घराणे निराळे आहे. तसेच, वऱ्हाड १९४८ साली 'मुक्त' झाला असे म्हणणेही अचूक नाही. सप्टेंबर १९४८ ची कारवाई मराठवाड्यासह प्रत्यक्ष निजामी राज्यापुरती होती. वऱ्हाडात १५ ऑगस्ट १९४७ रोजीच स्वातंत्र्यदिन साजरा झाला होता. पैनगंगेच्या दोन काठांवर स्वातंत्र्य तेरा महिन्यांच्या अंतराने आले, त्याचे मूळ १८५३ च्या तहात आहे.

ऐतिहासिक महत्त्व

राज्यकर्ता म्हणून आझम जाह यांच्या नावावर कोणतीही कामगिरी नोंदविता येत नाही, कारण राज्य करण्याची संधीच त्यांना मिळाली नाही. त्यांचे महत्त्व त्यांच्या पदवीत आहे. एका फौजेच्या थकलेल्या खर्चापोटी गेलेला प्रदेश ८३ वर्षांनी केवळ नावाच्या रूपाने परत आला, आणि ते नाव त्यांना मिळाले. त्या नावाच्या मोबदल्यात इंग्रजांनी आपल्या ताब्यातील एकही गाव सोडले नाही. ज्या प्रदेशाच्या नावाने हा सगळा व्यवहार झाला, तेथील शेतकऱ्यास त्यात कोणी विचारले नव्हते. त्याच्या कापसावरील साऱ्यातूनच मात्र दरसाल २५ लाखांचा खंड हैदराबादेस जात होता.

हैदराबादेतील 'बेला व्हिस्टा' राजवाड्यात आज प्रशासकीय प्रशिक्षणाची 'अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह स्टाफ कॉलेज ऑफ इंडिया' ही संस्था आहे. वरंगळची आझमजाही मिल बंद पडली आहे. साखरखेर्डा आणि बाळापूर ही आसफजाही घराण्याच्या उदयाची स्थळे अनुक्रमे बुलढाणा व अकोला जिल्ह्यांत असून वऱ्हाडच्या इतिहासाच्या अभ्यासात त्यांना महत्त्वाचे स्थान आहे.